लहान मुलाचा कर्करोग: उपचारांच्या काळात घरातला आनंद

लहान मुलाला कर्करोग झाल्याचे कळते त्या दिवशी घरातले हसणे थांबते. ते किती दिवस थांबावे, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोग, आणि त्यातही ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. दोन ते पाच या वयात तो सर्वाधिक दिसतो आणि त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. तिसऱ्या वर्षी आजारी पडलेले मूल साडेपाच वर्षांचे होऊन उपचारांतून बाहेर पडते, तेव्हा त्याच्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग रुग्णालयाच्या फेऱ्यांमध्ये गेलेला असतो. या काळात दोन-तीन वाढदिवस येतात, दोन दिवाळ्या येतात, बालवाडीचे वय येऊन निघूनही जाते. 'आधी बरा होऊ दे, मग सगळे करू' असे मोठ्या माणसाच्या आजारात म्हणता येते. लहान मुलाचे बालपण तेवढे थांबत नाही.

म्हणूनच गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत मुलांच्या कर्करोगाचे उपचार जसे बदलले, तसे उपचार चालू असतानाचे मुलाचे आणि कुटुंबाचे जगणे हाही वैद्यकाचा विषय झाला.

आजार बरा होऊ लागला तेव्हा

१९४० च्या दशकापर्यंत रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. अमेरिकेत बोस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध काही मुलांना दिले आणि १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती, पण औषधाने हा आजार मागे हटतो हे प्रथमच दिसले. हे औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

पुढे आणखी औषधे आली. मराठी घरांच्या कुंडीत आणि कुंपणाशी सहज उगवणाऱ्या सदाफुलीपासून मिळणारे विन्क्रिस्टीन हे त्यातले महत्त्वाचे. रोज गोळीच्या रूपात घेतले जाणारे ६-मरकॅप्टोप्युरिन गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून आले. या दोघांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. ही दरी केवळ औषधांच्या अभावामुळे पडलेली नाही. निदान उशिरा होणे आणि उपचार अर्धवट सोडून घरी परतणे ही त्यामागची दोन मोठी कारणे आहेत. त्यातल्या दुसऱ्या कारणाचा संबंध कुटुंब ही दोन वर्षे कशी काढते याच्याशी थेट आहे.

दुःख आणि आनंद एकाच दिवशी

मूल आजारी असताना हसू येणे अनेक आईवडिलांना अपराधी वाटायला लावते. त्यात नातेवाईकांची भर पडते. पोराला एवढा आजार आणि यांना वाढदिवस सुचतो, हे वाक्य तोंडावर नाही तरी पाठीमागे बोलले जाते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान फोकमन यांनी १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एड्स झालेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास केला. ही माणसे खोल दुःखात होती, पण त्याच काळात त्यांना आनंदाचे, समाधानाचे क्षणही वारंवार अनुभवायला मिळत होते. एक भावना दुसरीला हाकलून देत नव्हती. एखादे साधे जेवण, खिडकीतून दिसलेले काही, कुणीतरी केलेली चौकशी अशा किरकोळ गोष्टींना ही माणसे मुद्दाम महत्त्व देत आणि त्यातून पुढचा दिवस काढण्याचे बळ मिळवत. अभ्यास मोठ्या माणसांचा होता. पण मुलांच्या वॉर्डात एक आठवडा काढलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आनंदी राहिल्याने कर्करोग बरा होतो, याला आधार नाही. कर्करोगग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचे शास्त्र उभे करणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड यांनी सतत सकारात्मक राहण्याच्या या सक्तीला जुलूम म्हटले होते. 'तू रडलीस तर बाळाला बरे वाटणार नाही' असे आईला सांगणे ही त्याच जुलमाची घरगुती आवृत्ती आहे. आई रडली म्हणून पेशी वाढत नाहीत, आणि हसली म्हणून कमीही होत नाहीत. हसण्याचे कारण वेगळे आहे: मूल त्या दिवशी जगत असते.

वॉर्डात खेळ कसा आला

आज मुलांच्या वॉर्डात भिंतीवर रंगवलेले हत्ती आणि कोपऱ्यात खेळण्यांची पेटी दिसते. हे पूर्वीपासून नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनच्या अनेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलाला भेटायला आठवड्यातून थोडाच वेळ मिळे. आई येऊन गेली की मूल रडते, म्हणून तिने येऊच नये, असा तर्क होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातल्या दिवसांचा माहितीपट केला आणि गप्प झालेले मूल शांत नसते, ते खचलेले असते, हे दाखवून दिले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानंतर तिथले नियम सैल होत गेले. आपल्याकडे आई खाटेखाली चटई टाकून झोपते ती जागेच्या टंचाईमुळे आणि परिचारिकांच्या तुटवड्यामुळे. पण या एका बाबतीत टंचाईने मुलांचे भले केले.

व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या एमा प्लँक यांनी १९५५ पासून क्लीव्हलँडच्या रुग्णालयात आजारी मुलांसाठी खेळ आणि शिक्षणाचा पद्धतशीर कार्यक्रम उभा केला. मूल भावलीला इंजेक्शन देते तेव्हा ते आपल्यावर काय घडले हे समजून घेत असते, हा त्यामागचा विचार. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सर्कशीतले विदूषक मायकेल क्रिस्टेन्सन यांनी रुग्णालयात विदूषकांचे पथक सुरू केले. पांढरा कोट घालून येणारा आणि स्वतःच्याच नळीत अडकणारा डॉक्टर पाहून मुले हसतात, कारण रुग्णालयात एरवी सगळी सत्ता मोठ्यांची असते आणि इथे ती क्षणभर उलटते.

उपचारांतला एक महिना

कुटुंबाला आनंद कुठे सापडतो हे समजण्यासाठी उपचारांचा दिनक्रम पाहावा लागतो. पहिला टप्पा साधारण महिनाभराचा. त्यात मुलाला केमोबरोबर स्टेरॉइड दिले जाते. स्टेरॉइडमुळे गाल फुगतात, स्वभाव चिडका होतो आणि भूक अशी लागते की रात्री दोन वाजता मूल वरणभात मागते. कालपर्यंत सगळ्यांना बिलगणारे मूल आजीला लाथ मारते. हा औषधाचा परिणाम आहे आणि तो ओसरतो, हे आधी माहीत असलेल्या घरात या दिवसांचीही गंमत होते. रात्री दोनच्या वरणभाताला 'पार्टी' म्हणणारी घरे आहेत. मीठ आणि तळलेले यांवर मर्यादा डॉक्टर सांगतात, तेवढी पाळून हवे ते करून घालता येते.

त्यानंतर पालकांच्या तोंडी एक शब्द बसतो: काउंट. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. ताप १००.४ फॅरेनहाइटपर्यंत गेला तर रात्र असो वा सण, रुग्णालय गाठावे लागते. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे धोक्याचे असते. ताजे शिजवलेले गरम अन्न, उकळलेले पाणी, सोलून खाता येणारी फळे चालतात. पाणीपुरी, उघड्यावरचे सरबत, शिळे अन्न चालत नाही. शेजारी कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला असेल आणि मूल त्याच्या संपर्कात आले असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवावे लागते.

हे नियम वाचले की घर तुरुंग वाटू लागते. प्रत्यक्षात नियमांच्या आत बरीच मोकळी जागा असते. पाणीपुरीची गाडी चालत नाही, पण उकळलेल्या पाण्याचे घरचे पाणी आणि ताजा रगडा यांची गाडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लावता येते आणि भैयाची भूमिका मुलाला देता येते. मंडळाच्या गर्दीत गणपती पाहायला नेता येत नाही. घरी शाडूचा छोटा गणपती, पाच माणसांची आरती आणि मुलाच्या हाती झांजा हे जमते. फटाक्यांचा धूर टाळायचा, किल्ला मात्र करायचा. माती मोठ्या भावाने कालवायची आणि मावळे कुठे उभे करायचे ते आजाऱ्याने ठरवायचे. माती आणि चिखल यांत बुरशी असते, त्यामुळे काउंट कमी असताना ही श्रमविभागणी गंमत नसून गरज असते. काउंट चांगले आले की डॉक्टरांना विचारून बाग, गाडीतून फेरी, समुद्रकिनारा यांची परवानगी मिळते. अशा वेळी कुटुंबे आठवडाभर आधी बेत आखत नाहीत. सकाळी रिपोर्ट चांगला आला की दुपारी निघतात.

टोचणे हा मुलाच्या दृष्टीने आजाराचा सर्वांत वाईट भाग. पाठीच्या मणक्यात सुई घालून औषध द्यावे लागते, तेव्हा शक्य असेल तिथे भूल देतात. शिरेत सुई टोचण्याआधी त्वचा बधिर करणारे मलम लावता येते. ते अर्धा-पाऊण तास किंवा अधिक आधी लावावे लागते, म्हणून आधी विचारून ठेवणे बरे. साबणाचे फुगे फुंकायला देणे ही बालरुग्णालयांत रुळलेली युक्ती आहे. फुगा मोठा करायचा तर श्वास हळू सोडावा लागतो, आणि हळू सोडलेल्या श्वासाने अंग सैल पडते. कोणत्या हाताला टोचायचे हे मुलाला ठरवू द्यावे. टोचू का, असे मात्र विचारू नये. ज्या प्रश्नाचे 'नाही' हे उत्तर आपण मानणार नाही, तो विचारला की विश्वास जातो.

केस गळतात तेव्हा लहान मुलांपेक्षा आईला जास्त लागते. तीन-चार वर्षांच्या मुलाला टकलाचे फारसे काही वाटत नाही. मुंजीत नाही का करत, एवढे स्पष्टीकरण पुरते. मुलींच्या बाबतीत आणि पाच-सहा वर्षांनंतर मात्र आरशाचा प्रश्न येतो. वडिलांनी, मामाने, आजोबांनी सोबत डोके भादरून घेण्याचे प्रसंग वॉर्डात नवीन नाहीत.

मुलाला किती सांगायचे

लहान आहे, त्याला काय कळते, ही समजूत मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने मोडीत काढली. ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वयाच्या मुलांमध्ये त्यांनी कित्येक महिने काढले. कुणी काही सांगितले नसतानाही मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य कळलेले होते. ती माहिती त्यांनी एकमेकांकडून आणि मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून गोळा केली होती. त्याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे, आईवडिलांना त्रास होऊ नये म्हणून मुलेही काही माहीत नसल्याचे दाखवत होती. दोन्ही बाजू एकमेकांसाठी नाटक करत होत्या आणि दोन्हीकडे एकटेपणा होता.

मराठी घरांत 'कॅन्सर' हा शब्द टाळण्याची रीत आहे. 'त्याला बरे नाही', 'रक्त कमी आहे' असे सांगितले जाते. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला बहुधा वाटते की आपण हट्ट केला, आईचे ऐकले नाही, म्हणून ही शिक्षा मिळाली. हे गैरसमज दूर करण्यासाठी लांब व्याख्यान लागत नाही. तुझ्या रक्तातल्या काही पेशी बिघडल्यात, औषध त्यांना घालवते, यात तुझी चूक नाही आणि हा आजार कुणाला लागत नाही, एवढे सांगितले तरी घरातला ताण उतरतो. ज्या घरात कुजबुज थांबते, तिथे विनोदाला जागा होते. हे दोन्ही बरोबर येते हा योगायोग नाही.

दुसरे भावंड

उपचारांसाठी आई धाकट्याला घेऊन मुंबईला जाते आणि थोरली गावी आजीकडे राहते, हे महाराष्ट्रातले नेहमीचे चित्र. थोरलीच्या वाट्याला फोनवरचे 'शहाण्यासारखी राहा' येते. धाकट्याला मिळणारी खेळणी, पाहुण्यांचा खाऊ, सगळ्यांचे लक्ष हे तिला दिसते. त्याच्या वेदना दिसत नाहीत. तिला मत्सर वाटतो आणि मग त्या मत्सराची लाज वाटते. सुटीत तिला एकदा वॉर्डापर्यंत आणले, टोचणे आणि उलटी पाहू दिली, मग दोघांना एकत्र पत्ते खेळू दिले, की बरेच गणित सुटते. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांपैकी एका पालकाने गावी जाणे हा खर्च चैनीचा नाही.

परळमधले बिऱ्हाड

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून तिथे मुले येतात. ल्युकेमियाच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांत रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते आणि मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न औषधापेक्षा मोठा होतो. रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर ताडपत्रीखाली राहणारी कुटुंबे शहराने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. पांढऱ्या पेशी खालावलेले मूल पदपथावर झोपले, तर केमो कितीही उत्तम असली तरी संसर्ग गाठतोच.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी बाहेरगावच्या रुग्णांना दीर्घकाळ आसरा दिला आहे. फक्त मुलांच्या कर्करोगासाठी, २००६ पासून, सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था मुंबईत आणि नंतर इतर शहरांत मोफत निवारा देते. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा असते, स्वयंपाकघर सामायिक असते आणि शिधा संस्थेकडून मिळतो. स्वयंपाक मात्र आईनेच करायचा. ही लहानशी बाब फार मोलाची आहे. आयते जेवण देणे सोपे होते. पण स्वतःच्या हाताने भाकरी थापली की बिऱ्हाड पुन्हा घर होते, आणि मुलाला ओळखीची चव मिळते. शेजारच्या ओट्यावर बंगालची किंवा बिहारची बाई असते. भाषा येत नसतानाही कुणाच्या मुलाचे काउंट वाढले हे सगळ्यांना कळते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च निघतो आणि रेल्वे रुग्णाला व सोबत्याला प्रवासभाड्यात सवलत देते. त्यासाठीची कागदपत्रे रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मिळतात. टाटा रुग्णालयात निवारा, पैसा, आहार आणि समुपदेशन यांची एकत्र सोय लावल्यावर उपचार सोडून जाणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण बरेच घटले. वडील दुसऱ्या महिन्यात 'आता पुरे' म्हणतात ते बहुतेकदा मुलावर प्रेम नसल्यामुळे नव्हे, तर गावातले घर, शेत आणि दुसरे मूल डोळ्यांपुढे दिसत असल्यामुळे.

इच्छा, मणी आणि घंटा

१९८० मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या मुलाला पोलिसांनी एक दिवस आपल्यात सामील करून घेतले. त्यातून मेक-अ-विश ही चळवळ उभी राहिली. भारतातही ती काम करते. २०१३ च्या १५ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्को शहराने पाच वर्षांच्या मुलाला दिवसभर बॅटमॅनचा साथीदार होऊ दिले आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. असे दिवस बातमीत येतात. घरांना मात्र त्याहून लहान खुणा जास्त उपयोगी पडतात. ॲरिझोनातल्या एका परिचारिकेने सुरू केलेल्या उपक्रमात मुलाला प्रत्येक टोचण्याला, प्रत्येक केमोला वेगवेगळ्या रंगाचा मणी मिळतो आणि उपचारांच्या शेवटी कित्येक हात लांबीची माळ तयार होते. त्यासाठी संस्थेचीही गरज नाही. एक दोरा आणि मण्यांच्या चार पुड्या पुरतात.

उपचार संपल्यावर घंटा वाजवण्याची प्रथा १९९६ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात अर्व्ह ले मॉइन या नौदल अधिकाऱ्याने सुरू केली. ती जगभर पसरली, पण तिच्यावर मतभेद आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात किरणोपचार संपवून घंटा वाजवलेल्या प्रौढ रुग्णांना उपचारांची आठवण इतरांपेक्षा अधिक त्रासदायक वाटत असल्याचे दिसले. शिवाय घंटेचा आवाज पलीकडच्या खाटेवर, आजार उलटलेल्या मुलाच्या आईलाही ऐकू येतो. वॉर्डाबाहेर पेढे वाटणे हा त्यापेक्षा शहाणा मार्ग ठरतो.

आजार उलटला तर

सगळी मुले बरी होत नाहीत. आजार पुन्हा उलटला आणि औषधे चालेनाशी झाली, तर वेदनाशमन आणि घरी राहणे यांना प्राधान्य देणारी उपशामक सेवा घेता येते. ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. उपचारांबरोबरही ती चालते. वेदना आटोक्यात असेल तर मूल खेळते. या टप्प्यावर अनेक कुटुंबे मुलाला गावी नेतात, कारण त्याला गोठ्यातले वासरू पाहायचे असते. त्या दिवसांचे फोटो काढावेत की नाही, असा संकोच असतो. पुढे तेच फोटो घरात राहतात.

संपल्यानंतर

शेवटची गोळी घेतल्यावर घरात आनंदीआनंद होईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात भीती वाढते, कारण आता औषधाचे कवच नसते. आघातोत्तर ताणाची लक्षणे बऱ्या झालेल्या मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांमध्ये अधिक आढळतात. मूल सायकल शिकत असते आणि आई त्याच्या पायावरचा प्रत्येक काळानिळा डाग तपासत असते. अशा वेळी समुपदेशकाची भेट मुलासाठी नव्हे, आईसाठी घ्यावी.

टाटा रुग्णालयात १९९१ पासून उपचार पूर्ण झालेल्यांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे हृदय, वाढ, हार्मोन, शिक्षण यांची तपासणी वर्षानुवर्षे होते. रांगेत पाच वर्षांच्या मुलाशेजारी कधी नोकरीच्या सुटीवर आलेला तिशीतला माणूस बसलेला असतो. नव्याने आलेल्या आया त्याला हमखास विचारतात, तुला काय झाले होते, आणि लहानपणी तू खायचास काय.